मोटार भरणारीचा सत्कार

"आपल्या गावची ही वाघीण महिन्याला पंचवीस हजार कमावते!" गावचा पुढारी पोपटराव माइकवर म्हणाला आणि मंडपात टाळ्या पडल्या.

राजश्रीच्या अंगावर नुकतीच शाल पडली होती. मांडीवर नारळ, बाजूला कुबडी. तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं चाललंय. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ती भरून देते, हे खरं. घरापुढं पत्र्याखाली बसून तांब्याची तार गुंडाळायची, वर वार्निश द्यायचं. निमोण्याकडून, पार पाबळकडूनही लोक मोटार टाकून जातात. पण पाऊस लागला की शेतातल्या मोटारी बंद, आणि मग घर चालतं ते सरकारच्या अपंग पेन्शनवर. ती पेन्शन कमी उत्पन्न असलेल्यालाच मिळते, हे मंडपात सगळ्यांना माहीत होतं. पोपटरावाला तर जास्तच. ती मीच मिळवून दिली, असं तो दर निवडणुकीला सांगतो.

अपंग दिनाचा कार्यक्रम होता. आता दिव्यांग म्हणायचं असतं, म्हणून बॅनरवर तसं छापलं होतं. बॅनरवर पोपटराव कमरेपर्यंत होता, राजश्री तिकिटाएवढी.

शेजारच्या खुर्चीत तालुक्याहून आलेल्या अनुपमा मॅडम. पेन्शनचं काम त्यांच्याकडंच. त्या तिच्याकडं वाकल्या. आवाजात वाईटपणा नव्हता, तेच वाईट.

"एवढं उत्पन्न आहे तुम्हाला? मग पेन्शन अजून चालू कशी?"

राजश्रीनं पोपटरावाची बाही ओढली. "आप्पा, कुठलं पंचवीस? काम असंल तवा पाच-सहा हजार. पावसाळ्यात ते बी न्हाई. सांगा की मॅडमला."

पोपटरावानं माइकवर तळवा ठेवला. तोंडाला माव्याचा वास. "येडी का काय? पाच हजार सांगून गावाची काय शोभा ऱ्हाती? व्हिडिओ चालूय. आता माघारी कसं घ्यायचं?"

"माझी पेन्शन जाईल, आप्पा."

"मी हाय ना."

त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मग माइकवरचा तळवा काढला. मघाशी वाघीण म्हणणारा आवाज आता रडका झाला होता.

"पण मंडळी, ह्या लेकीची परिस्थिती लई वंगाळ हाय! बाप न्हाई, नवरा न्हाई, पाय असून न्हाई. मॅडम, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा. राजश्री, उभी ऱ्हा. साडी जरा वर घे. मॅडमला पाय दाखव."

"अहो, पायाचं नाही," मॅडम म्हणाल्या. "मी उत्पन्नाचं विचारतेय."

"बघा तर खरं! पोलिओ झालेला. गुडघ्याखाली नुसती काडी हाय. घे गं वर."

मंडपात मोबाइल वर झाले. पुढच्या रांगेतल्या दोन बाप्यांनी नीट दिसावं म्हणून माना लांबवल्या. बायकांत बसलेली तिची आई, सोजरबाई, अर्धी उठली आणि हातानं खुणावू लागली. दाखव. दाखव बाई. पावसाळा काढायचाय.

राजश्रीनं आईकडं पाहिलं. आई तिला लाजवत नव्हती, जगवत होती. ते जास्त अवघड.

नारळ तिनं खुर्चीत ठेवला, शाल त्याच्यावर टाकली. कुबडी काखेत घेऊन उभी राहिली आणि निऱ्या मुठीत धरल्या. कॅमेरावाला लगबगीनं पुढं आला.

"ताई, थोडं उजेडाकडं."

तिची मूठ सुटली.

"मॅडम," ती माइकशिवायच बोलली, पण शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "पंचवीस हजार खोटं हाय. काम करते, हे खरं हाय. हे हात बघा, वार्निशनं काळं पडल्यात. काम करते म्हणून पेन्शन कापायची असंल तर कापा. पण पाय बघायचा असंल तर घरी या. दार लावून दाखवीन. बाईमाणूस हाय मी."

मॅडमनी मान खाली घातली. "उद्या ऑफिसला या," त्या हळूच म्हणाल्या. "एवढ्या लोकांत बोललं गेलंय. आता मला चौकशी लावावीच लागेल."

सोजरबाई मटकन खाली बसली.

राजश्री स्टेजच्या पायऱ्या उतरू लागली. तिच्या मागं पोपटरावानं घसा खाकरला, रुमालानं तोंड पुसलं, आणि आवाज पुन्हा होता तसा झाला.

"पुढचा सत्कार! पंक्चर काढून संसार ओढणारे आपले साहेबराव मामा! जोरदार टाळ्या!"

साहेबराव मामा काठी टेकत वर येत होते. तेही पेन्शनवरच. वाट द्यायला राजश्री कठड्याला टेकून उभी राहिली, तेव्हा तिची नजर खाली गेली.

मामांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पायजमा आधीच गुडघ्याच्या वर गुंडाळून घेतला होता.