गर्दी कोणामुळे?

आमच्या ठेल्यावर मक्याच्या पिठात चीज भरून पुपुसा थापते मी, आणि सोबतचं कोबीचं लोणचं घालते माझी सून झेनायदा. एकीनं घरी पोरं सांभाळावी म्हणून लेकानं, एवारिस्तोनं, वर्षाची विक्री संगणकाला विचारली. संगणक म्हणाला, दोघी असल्या की गर्दी होते, पण कोणामुळे ते सांगता येत नाही. कसं सांगेल मेला? आम्ही जातो तर दोघी, नाहीतर एकही नाही!

"या रविवारी एकीनं घरी बसायचं," लेक म्हणाला. "जिच्यावाचून विक्री पडेल, ठेला तिचा."

रविवारी उठले तीच गुडघा धरून कण्हत. "जा गं बाई, एकटीच जा. तुझ्या लोणच्यावर तर सगळं गाव जगतंय!"

झेनायदा डोक्याला फडकं बांधून दारात उभी. "आई, मी तेच सांगायला आले. माझं डोकं फुटतंय. तुम्हीच जा, गिऱ्हाईक तुमच्या हाताला भुलतं."



दुपारी एवारिस्तो स्वतः थापलेल्या, करपलेल्या पुपुसा घेऊन परतला आणि गुपचूप संगणकात आणखी एक दिवस भरला: दोघी घरी, गिऱ्हाईक नाही.