तिसरा नंबर

"एक खुर्ची रिकामी झाली म्हणे आज?" दादा दवाखान्याच्या जिन्यातच तिला आडवा आला.

ती डायलिसिस विभागाची मुख्य परिचारिका. यंत्रं मोजकी, जवळपास दुसरीकडे सोय नाही. एखादा रोगी गेला, की त्याची खुर्ची पुढच्या नंबराला मिळायची. फोन तीच करायची. बाबांचा नंबर तिसरा होता.

"पहिल्या नंबरच्या माणसाला कळवलं मी."

"कोण लागतो तो तुझा? इथे सख्खा बाप सुजत चाललाय. त्याच्याऐवजी बाबांना बोलावलं तर काय बिघडतं?"

"त्या माणसाचं बिघडतं."

"मोठी धुतल्या तांदळाची आलीस! पाया पडतो तुझ्या, बाई."

"हे बाबांसमोर बोलून दाखव."

दादा पायऱ्या उतरून गेला.

बाबांनी आयुष्यभर कॉलेजात साहित्य शिकवलं. जुन्या, थोर कादंबऱ्या शिकवताना ते सांगायचे, माणूस एकदम सडत नाही. पहिली सवलत तो आपल्या माणसासाठी घेतो. मुलं माना डोलवायची. ती ते ऐकतच मोठी झाली होती.

संध्याकाळी ती त्यांच्या उशाशी बसली. पाय इतके सुजले होते, की चपला चढत नव्हत्या.

"दादा भेटला का गं?"

"भेटला. त्याचं नेहमीचंच. तुम्हाला पुढे घे म्हणतो."

"मग?"

"मी तुमची मुलगी आहे, बाबा."

बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. "शहाणी आहेस," म्हणाले. तिला भरून आलं.

दादा पुन्हा आला, पुन्हा हात जोडले, पुन्हा हात हलवत परत गेला. पुढची खुर्ची दुसऱ्या नंबरला गेली. आता पाळी बाबांचीच होती. त्यानंतरची रिकामी व्हायच्या आत बाबा गेले.

भेटायला आलेली माणसं पांगली. दादा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून हुंदके देत होता. इतके दिवस गिळलेला राग तिच्या तोंडून बाहेर पडला.

"तू तर रडूच नकोस. तुझं ऐकलं असतं तर त्यांना मान वर करता आली नसती. निदान स्वच्छ गेले ते."

दादाने चेहरा पुसला.

"मला काय हौस होती तुझ्यापुढे नाक घासायची? दर वेळी बाबाच पाठवायचे मला. म्हणायचे, माझं नाव तेवढं काढू नकोस तिच्यापुढे."