धुळवडीचा नवरदेव

धुळवडीच्या सकाळचे ऊन रिठदमध्ये घाईने येत नाही. आधी ते मारुतीच्या देवळाच्या कळसावर थबकते, मग टिनांच्या छपरांवरून ओघळत पारावर उतरते, आणि होळीच्या राखेतून अजूनही निघणारा धूर त्यात निळसर दिसू लागतो. अशा उन्हात, डफाच्या तालावर, जगदेव दरवर्षी चाळिशी उलटलेल्या बिनलग्नाच्या नवरदेवाचे सोंग घेऊन नाचत असे. विशीत त्याने हे सोंग पहिल्यांदा घेतले, तेव्हा मिशांना पीठ लावावे लागले होते.

नाचता नाचता कमरेत उसण भरल्याचे नाटक करायचे, सुटलेल्या मुंडावळ्या सावरायच्या आणि पारावर बसलेल्या पंचफुलाकाकूंपुढे उपरणे पसरून म्हणायचे, “काकू, एखांदी पोरगी पाहा नं मले.” काकूंचे उत्तरही ठरलेले असे. “तुले पोरगी कायले पाह्यजे? काठी पाह्य एखांदी, म्हातारपनी कामी येईन.” त्यावर सारा पार हसत असे.

यंदाही त्याने उपरणे पसरले. पण काकू काठीचे बोलल्याच नाहीत. त्यांनी त्याच्या हाताला धरून त्याला जवळ बसवले आणि हळूच म्हणाल्या, “लय ठिकानी इचारलं रे बाबू. कोनी हो म्हनत नाई.”

डफ थांबला. कोणीही हसले नाही.



जगदेव त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याचे लग्न होणार नव्हते.