पाहुण्याची गादी

सकाळी सात वाजता गादीवाला लेकीच्या सासरी, पाहुण्यांच्या खोलीत, आतून कडी लावून उभा होता आणि पलंगावरच्या ओल्या डागाकडे बघत होता. डाग चांगला परातीएवढा होता. बाहेर कपबशा वाजत होत्या. व्याह्यांनी दोनदा हाक मारली होती आणि दोनदा याने "आलोच" म्हणून वेळ मारून नेली होती.

आता एवढ्या मोठ्या माणसाचं हे काय झालं म्हणाल, तर ऑपरेशन झाल्यापासून दीड वर्ष हेच चाललं होतं. घरी बंदोबस्त चोख होता. चादरीखाली रबरी कापड, संध्याकाळी सहानंतर पाण्याचा घोट नाही, रात्री डायपर. लेकीला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. नातीला बघायला एका रात्रीसाठी येताना त्याने दोन डायपर पिशवीच्या तळाशी घातले. पण पाच तासांच्या वाटेला गाडीने नऊ तास लावले आणि दोन्ही रस्त्यातच संपले. काल संध्याकाळी औषधाच्या दुकानात जाऊन येतो म्हणाला, तर व्याही चपला घालून तयार. माणूस भारी अगत्याचा, पाठ म्हणून सोडेना. दुकानदाराने काय हवं विचारलं तेव्हा व्याही खांद्यावर हात ठेवून उभे. गादीवाल्याने खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मग रात्र खुर्चीत बसून काढायचं ठरवलं, काढलीही बिचाऱ्याने. पहाटे जरा पाठ टेकली आणि घात झाला.

अकराची गाडी होती. तेवढा वेळ अब्रू झाकली की सुटलो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पाणी सांडलं म्हणावं, तर वास काही लपणारा नव्हता. गादी उलटावी, तर ओल पार खालपर्यंत उतरलेली. पण ज्याने चाळीस वर्षं गाद्याच भरल्या, तो एका गादीला भिणार? दाभण आणि दोरा पिशवीत असायचाच, जुनी खोड. बाजूची शिवण हातभर उसवायची, ओला कापूस तेवढा काढून पिशवीत कोंबायचा, बाकीचा सारखा करायचा, खोळीवरचा डाग ओल्या फडक्याने पुसायचा आणि टाके घालून मोकळं व्हायचं. अर्ध्या तासाचं काम.

ओला कापूस निघाला, पिशवीत गेला. मग बाकीचा सारखा करायला त्याने हात आत घातला आणि तिथेच माशी शिंकली. कापसाच्या गाठी झाल्या होत्या, लिंबाएवढाल्या. कोणा आळशाने भरली होती देव जाणे. त्याची बोटं त्या गाठी सोडवायला लागली. त्याने काही सांगितलं नव्हतं त्यांना, सवयीनेच लागली. एक सोडवली की दुसरी हाताला लागायची, ती सोडवली की तिसरी. भानावर आला तेव्हा पलंगावर, जमिनीवर, कपाटाच्या पायाशी सगळीकडे कापूस फुलून बसला होता. आणि असा फुललेला कापूस त्याच खोळीत परत मावायचा नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? तरी गुडघे टेकून त्याने दाबून पाहिला. एकीकडून दाबावा तर दुसरीकडून बाहेर. "काय केलंस मूर्खा," असं स्वतःलाच म्हणताना त्याला रडू फुटलं.

दारावर थाप पडली.

"बाबा, बरं वाटत नाहीये का? दार उघडा आधी."

पाठोपाठ व्याह्यांचा आवाज आला. उघडत नसतील तर मी कडी तोडतो, म्हणत होते. गादीवाल्याने पिशवीची चेन ओढली, तोंड पुसलं आणि दार उघडलं.

दारात सगळीच होती. लेक, तिच्या खांद्यावर तान्ही, मागे व्याही आणि विहीणबाई. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. सासरी बापाचा मान राखताना तिला काय काय सोसावं लागत असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

"गाठी झाल्या होत्या," गादीवाला म्हणाला. तोंडाला येईल ते बोलत सुटला. "कापूस कुबट झालाय. म्हटलं, जाता जाता एवढी मोकळी करून द्यावी. खोळ मीच धुतो."

व्याह्यांनी वाकून मूठभर कापूस उचलला. आता हे हुंगणार, असं गादीवाल्याला वाटलं. पण व्याह्यांनी तो नुसता चिमटीत उकलून उजेडात धरला आणि बायकोला दाखवला. याला म्हणतात हात, म्हणाले. मग त्यांना सगळंच सुचायला लागलं. घरात आणखी तीन गाद्या अशाच दगड झाल्यात, आजकाल हे काम करणारा माणूस शोधून सापडत नाही, मोठ्या खोळी मी आजच्या आज आणतो. विहीणबाईही हसल्या. लेक सासूकडे बघतच राहिली. लग्नाला चार वर्षं झाली, बापाचं कौतुक या घरात तिने आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

गादीवाला म्हणाला की अकराची गाडी आहे, घरी कामं खोळंबलीत.

"कुठली कामं?" लेक म्हणाली. "कालच म्हणालात ना, घरात बसून जीव विटला. तिकीट मी रविवारचं करून घेते."

आज गुरुवार होता. नको म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण लेकीचा चेहरा इतका फुलला होता की त्याने नुसती मान डोलावली.

विहीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली.

"इथे कसे हो झोपणार तुम्ही, सगळा कापूसच कापूस. आमच्या खोलीत झोपा, आम्ही बाहेरच्या खोलीत पडू. गादी नवी कोरी आहे. वरचं प्लॅस्टिकसुद्धा मी काल फाडून टाकलं."