गाव आमच्या नावाचं

आमचं आडनाव ऑल्डरविक, आणि इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये ऑल्डरविक नावाचं आख्खं गाव आहे. एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं ऑफिसात सांगत आलो, की ते गाव एके काळी आमच्या मालकीचं होतं. निवृत्त झाल्यावर टाय लावून तिथल्या चर्चमध्ये वंशावळ पाहायला गेलो.

पाद्रीबाईंनी जुन्या नोंदवहीत माझ्या पणजोबांचं नाव शोधलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा. चर्चच्या पायरीवर कुणी मूल सोडून गेलं, की त्याला आडनाव म्हणून गावाचंच नाव लावायची पद्धत होती."

मी टाय सैल केला.



त्यांनी खालची ओळ वाचली. "आणि बाळाला गुंडाळायला दिलेलं चर्चचं ब्लँकेट तेवढं तुमच्याकडून परत यायचंय."