तीन अनोळखी मेल

एक मेल उघडला आणि मेडिकलवाल्या अण्णांचा कॉम्प्युटर पंधरा दिवस ठप्प झाला, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. लेक कॉम्प्युटरवालीच. तिने बजावलं, "अण्णा, अनोळखी मेल उघडायचाच नाही. सरळ उडवायचा."

आज ती माहेरी आली आणि आधी दुकानात डोकावली, तर अण्णा काउंटरवरूनच म्हणाले, "या आठवड्यात तीन उडवले! तिन्हींवर 'तातडीचे' लिहिलेलं. मी काय आता फसतोय?"

"शाब्बास, अण्णा!" कडेवरच्या बाळाला थोपटत ती म्हणाली.

ती घरी गेली आणि तासाभरात औषध निरीक्षक दुकानात आले. "खोकल्याचं हे औषध विषारी निघालंय. विकू नका म्हणून तीन मेल केले, एकही उघडला नाहीत?"

 

अण्णा अनवाणीच घराकडे पळाले. बाळासाठी तीच बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने लेकीच्या पिशवीत टाकली होती.