चार नंबरच्या टाकीचा शेरा

माशांचं खाद्य टाकीतल्या पाण्यावर पडलं आणि वास आला, तेव्हा त्याचा हात हवेतच थांबला. वास मासळीचा होता. बायकोने बनवलेल्या खाद्याला भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा वास यायचा. तो त्याने झोपेतही ओळखला असता.

घोटाळा त्याचा त्यानेच करून ठेवला होता. जमिनीला ओल येते म्हणून काल संध्याकाळी त्याने बायकोची बादली उचलून फळीवर ठेवली, झाकणावर वीटही ठेवली. तिच्या जागी बाजारच्या खाद्याची बादली सरकली आणि सकाळी हात सवयीने तिथेच गेला. जपायला गेला आणि हे असं झालं.

चार नंबरची टाकी बायकोची. बाकीच्या पाच टाक्यांना बाजारचं खाद्य, म्हणजे समुद्रातली बारकी मासळी वाळवून दळलेली. माशाला मासाच कशाला भरवायचा, असं म्हणत तिने मागच्या खोलीत भाजीच्या कचऱ्यावर अळ्या वाढवल्या, वाळवल्या, दळल्या आणि त्यांच्या गोळ्या पाडल्या. नवऱ्याने नाक मुरडलं, तर म्हणाली, तुमच्या ताटात वाढतेय का? पण मासेही नाक मुरडणारेच निघाले. पहिल्या दिवशी एकाने गोळी तोंडात घेतली आणि थुंकून दिली. मग ती हट्टी पोराला भरवावं तशी रोज चिमूटभर वाढवत गेली. चार महिन्यांनी मासे तिचं खाद्य सत्तर सेकंदांत फस्त करायला लागले, आणि हे तिने ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन करून सांगितलं. काहींना दोनदा.

ती जाऊन पाच आठवडे झाले होते. अळ्यांचं तंत्र तिच्याबरोबरच गेलं. उरली होती ही एक बादली.

लेकीने सुचवलं होतं की एवढीशीच आहे तर संपवून टाकू आणि बाजारचं सुरू करू. तेव्हा त्याने तिला नियम ऐकवला. खाद्य एकदम बदलायचं नसतं, मासे रुसतात. आधी तीन भाग आईचं, एक भाग बाजारचं, मग निम्मं निम्मं, मग चिमूटभर. या बेताने बादली दीड महिना पुरली असती. हा बेत माशांसाठी नाही, हे लेकीला कळलं होतं, पण तिने वाद घातला नाही.

त्याने घाईघाईने हातजाळी उचलली. गोळ्या तरंगत होत्या, काढून घेता आल्या असत्या. पण जाळी पाण्यात घालता घालता तो थांबला. मासे वर आले नव्हते. एकही नाही.

त्याला आनंद झाला, अगदी लाज वाटावी इतका. त्याने खिशातलं सेकंदांचं घड्याळ काढून सुरू केलं. खाद्य टाकलं की घड्याळ लावायचं, ही तिचीच शिस्त.

"नका खाऊ," तो पाण्याकडे बघून हळूच म्हणाला.

पाच सेकंद गेले, सहा गेले. मग एक मासा वर आला, त्याने गोळी तोंडात घेतली आणि खाली गेला. थुंकली नाही. त्याच्यामागून दुसरा आला, आणि मग सगळी टाकी उसळली. शेपट्यांनी उडालेलं पाणी त्याच्या चष्म्यावर आलं. चष्मा पुसून त्याने पाहिलं तर पाणी पुन्हा शांत झालं होतं. घड्याळात पस्तीस सेकंद झाले होते.

लेक चहा घेऊन आली तेव्हा तो काठावर बसला होता, जाळी मांडीवर घेऊन. त्याने झालेली चूक सांगितली. लेक म्हणाली की चांगलंच झालं, उपाशी तर नाही राहिले. बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

"एक दिवस, बाबी," तो म्हणाला. "फक्त एक दिवस तोंड फिरवायचं होतं त्यांनी."

आणि तो रडला. स्मशानातही रडला नव्हता, तेवढं रडला. लेक त्याच्या शेजारी बसून राहिली. चहा गार झाला.

मग तो उठला, खिळ्यावर टांगलेली नोंदवही काढली. रोजच्या प्रत्येक खाण्याची नोंद करायचा त्यांचा रिवाज होता. कोणतं खाद्य, किती वेळ, काय शेरा. खाली दोन सह्या, एक खाद्य टाकणाऱ्याची आणि दुसरी 'समक्ष पाहिलं' या रकान्यात. दुसरी सही कायम बायकोची. पाच आठवडे तो रकाना कोराच होता. बावीस वर्षांत त्याने या वहीत एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. एकदा हवेचा पंप बंद राहून दोन नंबरची अख्खी टाकी मेली, तेव्हा त्याने कारण लिहिलं होतं, 'मी झोपलो.'

त्याने तारीख घातली आणि लिहिलं.

टाकी चार. खाद्य बाजारचं. शेरा, खाल्लं नाही.

वेळेच्या रकान्यात त्याने आडवी रेघ मारली, सही केली आणि वही लेकीकडे न बघताच टाकीच्या काठावर ठेवली.

लेकीने नोंद वाचली. मग टाकीकडे पाहिलं. पाणी नितळ होतं, त्यावर एक गोळी शिल्लक नव्हती. खाली मासे पोट भरून संथपणे फिरत होते.

तिने पेन घेतलं आणि 'समक्ष पाहिलं'च्या रकान्यात सही केली.